मोटारीची कळ आणि दोन मास्तर

श्रोतेहो, जुन्या मोटारीपुढे वाकून हँडल मारणारा ड्रायव्हर तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. इंजिनाने उलटा झटका दिला, की तेच हँडल माणसाचे मनगट मोडी. अमेरिकेतले मोटार-कारखानदार बायरन कार्टर १९०८ साली वारले. एका बाईंची बंद पडलेली गाडी सुरू करताना त्यांना हँडलाचा फटका बसला होता, अशी हकीकत सांगतात. कॅडिलॅक कंपनीचे प्रमुख हेन्री लेलँड हे त्यांचे स्नेही. हँडल घालवायचेच, असे लेलँड यांनी मनावर घेतले.

काम आले चार्ल्स केटरिंग यांच्याकडे. हे ओहायोतल्या शेतकऱ्याचे पुत्र. कॉलेजात जाण्यापूर्वी त्यांनी खेड्यातल्या शाळेत मास्तरकी केली होती. पुढे दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्राला त्यांनी विजेची मोटर बसवली. जोर क्षणभरच लावायचा असेल, तर लहान मोटरही पुरते, हे त्यांना तिथे उमगले. १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत त्यांचा स्टार्टर बसला.

पण त्या क्षणात बॅटरीतून शंभराहून अधिक अँपिअर वीज वाहते. ती हाताजवळच्या नाजूक बटणातून नेली, तर बटण जळून जायचे! म्हणून दुसऱ्या महायुद्धातल्या जीपला पायाने दाबायचा दणकट स्विच होता. पुष्कळ गाड्यांत मात्र रिले आला. ही युक्ती जोसेफ हेन्री या दुसऱ्या मास्तरांनी १८३५ च्या सुमारास, प्रिन्स्टनच्या कॉलेजात शिकवताना सिद्ध केली होती.

पाटाचे दार माणूस एका हाताने उचलतो, पाणी मात्र आपल्या जोराने धावते. तसाच हा प्रकार. बॅटरीची जाड केबल रिलेच्या एका मोठ्या बोल्टाला, आणि दुसऱ्या बोल्टापासून तशीच जाड केबल स्टार्टरला. चावीकडून येते ती बारीक तार. चावी फिरवली, की रिलेतले तारेचे वेटोळे लोहचुंबक बनते, आतली पट्टी ओढते आणि दोन्ही बोल्ट जोडले जातात. चावी सोडली, की स्प्रिंग पट्टीला मागे लोटते.

जोडणी करण्याआधी बॅटरीची तार सोडवावी आणि गाडी न्यूट्रलमध्ये ठेवावी. नाहीतर ठिणगी उडते, किंवा गियरमधली गाडी एकदम अंगावर येते. हात वाचावेत म्हणून जी वस्तू निघाली, तिच्यापायी हात गमावू नये, एवढेच सांगणे.