तगादा, धरणें आणि जप्ती

कर्ज मागावयास सावकाराच्या दारीं जाणें आणि तें वसूल करावयास सावकाराच्या माणसानें आपल्या दारीं येणें, या दोहोंत आपल्या लोकांस दुसरी गोष्ट अधिक लाजिरवाणी वाटत आली आहे. जुन्या पुण्यांत एकेका वाड्यांत अनेक बिऱ्हाडें नांदत. तेथें बेलिफाचें पाऊल चौकांत पडलें कीं घरांतील तांब्यापितळेपेक्षां घराण्याच्या अब्रूची चिंता माणसास अगोदर पडे. जप्तीची ही लाज इंग्रजी कोर्टांबरोबर आली, पूर्वीं सर्व व्यवहार गोडीगुलाबीनें चालत, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. तो इतिहासाच्या कसोटीस उतरतो कीं काय, हें पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पेशव्यांचें पुणें वैभवाचें शहर होतें, तसेंच तें कर्जाचेंही शहर होतें. पहिल्या बाजीरावानें ब्रह्मेंद्रस्वामींस लिहिलेल्या पत्रांत सावकारांच्या त्रासाचें गाऱ्हाणें आहे. आणि मौज अशी कीं, ज्यांच्यापाशीं गाऱ्हाणें करावयाचें ते स्वामीही त्याच्या धनकोंपैकींच एक होते. थोरले माधवराव १७७२ सालीं मृत्युशय्येवर असतां त्यांच्या अखेरच्या इच्छांमध्यें राज्याचें कर्ज फेडण्याची इच्छा होती. धन्याची ही अवस्था, तर त्याच्या शिलेदाराची व कारकुनाची काय असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी.

मग कर्ज वसूल होई तें कसें? माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यानें पेशव्यांपासून जिंकलेल्या मुलखाविषयीं १८१९ सालीं जो अहवाल लिहिला, त्यांत तगाद्याचें वर्णन आहे. प्रथम नुसती मागणी. मग दारांत माणूस बसविणें. मग ऋणकोस बाहेर पडूं न देणें, जेवूं न देणें. आणि शेवटीं डोक्यावर दगड देऊन त्यास उन्हांत उभें करणें, अशा त्याच्या चढत्या पायऱ्या होत्या. या कामीं भाडोत्री माणसेंही मिळत. धरणें हा त्यांतलाच कडक प्रकार. धरणेकरी दारांत उपाशी बसे, आणि तो उपाशी असतां घरच्या माणसांनीं जेवावें हें लोकलज्जेस सोडून होई. तेव्हां दोहोंपैकीं ज्याचा धीर अगोदर सुटेल तो हरला. पगार थकलेले शिपाई आपल्या सरदारावरही हाच प्रयोग करीत. सारांश, सावकाराचें माणूस दारीं येण्याची भीति कोर्टांहून पुष्कळ जुनी आहे.

इंग्रजी अमलानें ही रीत मोडून काढिली. १८६० च्या दंडसंहितेंत दैवी कोपाची भीति घालण्याचा जो गुन्हा ५०८ व्या कलमांत सांगितला, त्याचें उदाहरण म्हणून दारांत धरणें धरून बसणाराच दिला होता. मात्र सावकाराचें बळ कमी न होतां वाढलें. धरणें धरणारास स्वतः उपाशी राहावें लागे, ऋणकोचें तोंड पाहावें लागे, गांवच्या माणसांत वावरावें लागे. कोर्टांत फिर्याद लावणारास यांपैकीं कांहींच करावें लागेना. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानें साध्या रोख्याची मुदत तीन वर्षांवर आणिली. कायदा केला ऋणकोच्या सोयीसाठीं. परिणाम असा झाला कीं, मुदत भरत आली कीं व्याज मुद्दलांत मिळवून नवा रोखा लिहून घेतला जाई. व्याज मुद्दलाहून अधिक होऊं न देणारी आपली दामदुपटीची जुनी मर्यादा अशा रीतीनें कागदोपत्रीं चुकवितां येऊं लागली.

त्याचें पर्यवसान काय झालें, हें पुणें जिल्ह्यानेंच दाखविलें. १८७४ च्या डिसेंबरांत शिरूर तालुक्यांतील करडें गांवीं काळूराम नांवाच्या सावकारानें बाबासाहेब देशमुख यांजवर मिळविलेला हुकूमनामा त्यांच्या राहत्या घरावर बजावला. एका प्रतिष्ठित कुळाचें घर गेलेलें पाहून गांव खवळला, आणि सावकारांवर बहिष्कार पडला. १२ मे १८७५ रोजीं भीमथडी तालुक्यांतील सुपें येथें बाजाराच्या दिवशीं दंगा पेटला. दंगेखोरांचा रोख मुख्यतः रोख्यांवर होता. जेथें कागद निमूटपणें हवालीं झाले तेथें बहुधा अंगास हात लागला नाहीं. सरकारनें चौकशीमंडळ नेमलें, आणि १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीं संरक्षणाचा कायदा झाला. रोख्याच्या मागें जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार त्यानें न्यायाधीशास दिला. पुण्याच्या सार्वजनिक सभेनें लवाद कोर्टाचा उपक्रम केला, तो याच काळांतला. आणि न्यायमूर्ति रानडे यांनीं पुढें या कायद्याखालीं न्यायाधिकाऱ्याचें काम केलें.

आमच्या मतें या इतिहासाचें खरें फळ १९०८ च्या दिवाणी व्यवहारसंहितेच्या दोन कलमांत आहे. साठाव्या कलमान्वयें अंगावरचीं जरुरीचीं वस्त्रें, स्वयंपाकाचीं भांडीं, अंथरूणपांघरूण, कारागिराचीं हत्यारें, शेतकऱ्याचीं औतें, बैल व बियाणें यांस जप्ती लागत नाहीं. आणि धर्माचाराप्रमाणें स्त्रीनें जो अलंकार अंगावेगळा करावयाचा नाहीं, त्यासही लागत नाहीं. बासष्टावें कलम सांगतें कीं, जंगम मालाच्या जप्तीसाठीं सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वीं कोणाच्या राहत्या घरांत शिरूं नये. ज्या बेलिफास पाहून घरच्या बाईचा हात गळ्यांतील मंगळसूत्राकडे जाई, त्यालाच तें मंगळसूत्र घेण्याची मनाई होती. परंतु ही गोष्ट तिला कोण सांगणार? कायद्यानें दिलेलें संरक्षण अज्ञानामुळें निरुपयोगी ठरावें, याहून मोठा अन्याय नाहीं.

हा प्रश्न जुना झाला असें मानण्याचें कारण नाहीं. आज तगादा पुन्हां आला आहे. तो दारांत न बसतां दूरध्वनीवरून येतो, आणि ऋणकोबरोबर त्याच्या आप्तेष्टांसही गांठतो. वसुलीच्या माणसांनीं सकाळीं आठाच्या आधीं व सायंकाळीं सातानंतर ऋणकोस दूरध्वनि करूं नये, असें रिझर्व्ह बँकेस २०२२ सालीं बजावावें लागलें. बासष्टाव्या कलमांतील सूर्यास्ताची मर्यादाच ही, नव्या वेषांत आलेली. घेतलेलें कर्ज फेडलें पाहिजे, याविषयीं आमचा कोणाशीं वाद नाहीं. परंतु मागणाऱ्याच्या हातास कोठें तरी थांबावेंच लागेल अशी रेषा समाजानें आंखिली, आणि ती करडें व सुपें येथील दुःखांतून आंखिली गेली, हें ज्यास ठाऊक असेल तोच ती रेषा ओलांडणारास अडवूं शकेल. म्हणून स्वयंपाकाच्या भांड्याइतकीच ही माहितीही प्रत्येक घरीं असावी, असें आम्हांस वाटतें.