कवकशास्त्रातून नॅनोविज्ञानाकडे : अमरावतीतील एक संशोधनप्रवास

तुरीवरील 'मर' रोगास कारणीभूत असणारा फ्युजेरियम हा कवकवंश वऱ्हाडातील शेतकऱ्याचा जुना वैरी होय. मात्र २००३ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील मुरली शास्त्री व सहकाऱ्यांनी याच वंशातील फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम चांदीचे नॅनोकण पेशीबाहेर घडविते, असे दाखविले. कण पेशीबाहेर मिळाल्याने ते वेगळे करणे सुलभ झाले.

अमरावती विद्यापीठाच्या जैवतंत्रज्ञान विभागातील डॉ. महेंद्र राय हे मूळचे कवकशास्त्रज्ञ. फोमा या वंशाच्या वर्गीकरणाचे अभ्यासक. त्यांच्या गटाने रोगट आल्यापासून विलग केलेले फ्युजेरियम अक्युमिनेटम निवडले. सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात या कवकाचा पेशीविरहित अर्क मिसळताच चांदीच्या आयनांचे क्षपण होऊन द्रावण तपकिरी झाले व ५ ते ४० नॅनोमीटर व्यासाचे कण मिळाले. २००८ मध्ये हे कार्य प्रसिद्ध झाले. त्यास ना भट्टी लागली, ना विषारी क्षपणक; मर्यादित साधनांच्या विद्यापीठास झेपणारा हा मार्ग होता, हे त्याचे खरे महत्त्व.

प्रतिजैविकांना जंतू दाद देईनासे झाल्याने चांदीकडे पुन्हा लक्ष वळले होते. तथापि, मात्रा वाढल्यास हे कण मानवी पेशींनाही घातक ठरतात; म्हणून चांदीची मात्रा अल्प ठेवून प्रचलित औषधाचा प्रभाव वाढविणे अधिक श्रेयस्कर. गटाच्या २००९ मधील प्रयोगात फ्लुकोनॅझोल व नॅनोकण एकत्र वापरले असता कँडिडा अल्बिकन्सवरील परिणाम सर्वाधिक वाढला. चाचणीस घेतलेल्या कवकांत राय यांच्या जुन्या अभ्यासविषयातील फोमाही होते.