बिस्मार्कचा पेढीवाला: गेर्सन ब्लाइखरोडर

जर्मनीचे एकीकरण म्हटले की बिस्मार्कचे 'रक्त आणि लोखंड' आठवते. ३० सप्टेंबर १८६२ च्या त्या भाषणानंतर नऊ वर्षांत प्रशियाने तीन युद्धे जिंकली आणि साम्राज्य उभे केले. पण लोखंड विकत घ्यावे लागते, सैन्याला शिधा आणि पगार द्यावा लागतो. हा पैसा उभा करणाऱ्यांत अग्रभागी असलेल्या माणसाचे नाव पाठ्यपुस्तकांत क्वचितच सापडते. हा थ्रेड त्याच्याविषयी.

गेर्सन ब्लाइखरोडरचा जन्म १८२२ साली बर्लिनमधील ज्यू कुटुंबात झाला. वडील साम्युएल यांनी १८०३ मध्ये पेढी काढली होती. ती नावारूपाला आली ती रोथशील्ड घराण्याची बर्लिनमधील हस्तक म्हणून. १८५९ मध्ये बिस्मार्क राजदूत म्हणून सेंट पीटर्सबर्गला निघाला, तेव्हा त्याला बर्लिनमध्ये एक भरवशाचा पेढीवाला हवा होता. रोथशील्डांनी नाव सुचवले ते गेर्सनचे. हा संबंध पुढे चौतीस वर्षे, गेर्सनच्या मृत्यूपर्यंत टिकला.

खासगी हिशेबापासून सुरू झालेले हे नाते लवकरच राज्यकारभारात शिरले. प्रशियाचे प्रतिनिधीगृह लष्करी खर्चाला मंजुरी देईना आणि बिस्मार्क मंजूर अर्थसंकल्पाविनाच राज्य चालवीत होता. ऑस्ट्रियाशी युद्ध दिसू लागले होते, पण कर्ज काढायचे तर प्रतिनिधीगृहासमोर जावे लागणार. वाट निघाली ती रेल्वेतून. कोलोन-मिंडेन रेल्वे कंपनीचे समभाग हळूहळू ताब्यात घेण्याचा हक्क सरकारकडे होता. १८६५ मध्ये सरकारने तो हक्क सोडला आणि मोबदल्यात कंपनीकडून सुमारे १ कोटी ३० लाख थालर मिळवले. प्रतिनिधींना न विचारता झालेल्या या व्यवहारामागे ब्लाइखरोडर होता. पुढल्याच वर्षी ऑस्ट्रिया हरला. त्या विजयाचे श्रेय एका रेल्वे कंपनीलाही द्यावे लागेल, हे वीरगाथांना फारसे रुचणारे नाही.

१८७१ मध्ये फ्रान्स शरण आला. खंडणी ठरली ५ अब्ज फ्रँक. एवढी रक्कम एका देशातून दुसऱ्या देशात जाणार कशी? सोन्यात, नाण्यांत की हुंड्यांत? या वाटाघाटींसाठी ब्लाइखरोडरला व्हर्सायला बोलावून घेण्यात आले. फ्रान्सने अखेरचा हप्ता मुदतीआधीच, सप्टेंबर १८७३ मध्ये चुकता केला.

त्याआधी, मार्च १८७२ मध्ये, सम्राट विल्हेल्मने ब्लाइखरोडरला वंशपरंपरागत उमरावपद दिले. नावामागे 'फॉन' लागले. धर्मांतर न करता हा मान मिळवणारा तो प्रशियातील दुसराच ज्यू. कायद्याने ज्यूंना समान नागरिक मानले होते. तरी ज्यू तरुणाला लष्करी अधिकारी होणे जवळजवळ अशक्य होते. ब्लाइखरोडरच्या मेजवान्यांना राजदूत आणि सरदार येत. घरी परतल्यावर त्यांतलेच काही यजमानाची टिंगल करीत.

त्याच्या आयुष्याची खरी कसोटी मात्र रुमानियात लागली. तेथील रेल्वेचा ठेका १८६८ मध्ये श्ट्राउसबर्ग नावाच्या उद्योजकाने घेतला होता. त्याच्या रोख्यांत प्रशियाच्या बड्या सरदारांचा पैसा होता. १८७१ च्या आरंभी व्याज थकले आणि ही मंडळी हवालदिल झाली. त्यांना वाचवण्याचे काम ब्लाइखरोडर आणि हान्झेमान यांच्या बँकेच्या गळ्यात पडले.

त्याच रुमानियात ज्यूंना नागरिकत्व नव्हते. १८७८ मध्ये बर्लिनला महासत्तांची परिषद भरली, तेव्हा पॅरिसमधील ज्यू संघटनेबरोबर ब्लाइखरोडरनेही त्यांच्यासाठी आपले वजन खर्च केले. बिस्मार्कने पाठिंबा दिला. कराराच्या ४४ व्या कलमात अट आली: रुमानियाला स्वतंत्र राष्ट्र म्हणून मान्यता हवी असेल, तर धर्मावरून कोणाचे हक्क नाकारता येणार नाहीत. एका पेढीवाल्याची केवढी ही कमाई!

पण बिस्मार्कला ती अट दुसऱ्याच कामासाठी हवी होती. रुमानियाने तोट्यातली रेल्वे जर्मन भागधारकांकडून विकत घ्यावी म्हणून त्याने मान्यता अडवून धरली. रुमानियाने रेल्वे घेतली. ज्यूंच्या बाबतीत मात्र राज्यघटना अशी बदलली की प्रत्येकाने स्वतंत्र अर्ज करावा आणि संसदेने एकेकाला नागरिक करावे. युद्धात लढलेल्या काही शेकडा ज्यूंना एकगठ्ठा नागरिकत्व मिळाले, बाकीचे होते तिथेच राहिले. फेब्रुवारी १८८० मध्ये जर्मनी, ब्रिटन आणि फ्रान्सने मान्यता देऊन टाकली. सर्वसाधारण रुमानियन ज्यूंना नागरिकत्वासाठी पहिले महायुद्ध संपेपर्यंत थांबावे लागले. ब्लाइखरोडरने आपले धर्मबांधव विकले असे म्हणणे अन्यायाचे होईल. मात्र ज्या सौद्यात त्यांचे हक्क गेले, त्या सौद्याच्या दोन्ही बाजूंना तो उभा होता.

इकडे जर्मनीतही हवा पालटली होती. १८७३ च्या मंदीचे खापर ज्यूंवर फुटू लागले. १८७५ मध्ये 'क्रॉयत्साइटुंग' या सनातनी वृत्तपत्राने सरकारच्या आर्थिक धोरणावर लेखमाला चालवली, तिच्या शीर्षकात दोन मंत्र्यांच्या जोडीने ब्लाइखरोडरचे नाव होते. राजदरबाराचा धर्मोपदेशक श्टोकर तर जाहीर सभेत त्याच्या संपत्तीचा नाव घेऊन उल्लेख करू लागला. दृष्टी जवळजवळ गमावलेल्या ब्लाइखरोडरने १८८० मध्ये सम्राटाकडे संरक्षण मागितले. श्टोकरला सौम्य समज मिळाली, त्याचे पद शाबूत राहिले. पुढच्या वर्षी ज्यूंचे हक्क आवळण्याची मागणी करणारा सुमारे अडीच लाख सह्यांचा अर्ज बिस्मार्ककडे पोचला. बिस्मार्कने त्यावर कारवाई केली नाही, पण आपल्या पेढीवाल्यासाठी उघडपणे त्या चळवळीविरुद्ध उभाही राहिला नाही.

ब्लाइखरोडर १८९३ मध्ये वारला, जर्मनीतील सर्वांत श्रीमंत माणसांत गणला जात असताना. अखेरपर्यंत तो ज्यूच राहिला. त्याच्या मुलांनी पुढे ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

१८९८ मध्ये बिस्मार्कही गेला आणि त्याच्या आठवणी छापून आल्या. जाडजूड खंडांत ब्लाइखरोडरचे नाव एकदाच येते, तेही ओझरते. नाझी काळात पेढीची एक शाखा न्यूयॉर्कला निघून गेली. ब्लाइखरोडरची हजारो पत्रे दुसऱ्या महायुद्धानंतर तिथेच अभ्यासकांच्या हाती लागली आणि त्यांच्या आधारे इतिहासकार फ्रिट्झ स्टर्न यांनी या दोघांचे जोडचरित्र लिहिले. ते १९७७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या नावात लोखंड आहे, पण त्याच्याही आधी सोने.