ट्रान्झिस्टरचें वार्धक्य

ज्या यंत्रांत एकहि चाक फिरत नाहीं त्यास झीज कसली, असा आमचा पुष्कळ वर्षें समज होता. परंतु ट्रान्झिस्टरचा इतिहास चाळूं लागलों तेव्हां दिसून आलें कीं, त्याच्या बाल्यापासूनच त्याच्या वार्धक्याची चिंता शास्त्रज्ञांच्या मागें लागलेली आहे.

इ. स. १९६० मध्यें बेल प्रयोगशाळेंतील अटाला व कांग यांनीं नव्या धर्तीचा ट्रान्झिस्टर प्रसिद्ध केला. सिलिकॉनवर त्याच्याच ऑक्साइडचा पातळ पापुद्रा व त्यावर धातूची पट्टी, एवढीच रचना. पट्टीस विजेचा दाब दिला कीं पापुद्र्याखालून प्रवाह वाहूं लागे. पाटाचें दार उचलावें तसें. परंतु तें दार किती दाबास उघडावें, हेंच दिवसागणिक बदलूं लागलें! अशा लहरी दारावर कोण विसंबणार? १९६५ त फेअरचाइल्ड कंपनीच्या स्नो, ग्रोव्ह, डील व सा यांनीं दोषाचें मूळ दाखविलें. पापुद्र्यांत शिरलेले सोडियमचे कण दाबाबरोबर इकडून तिकडे सरकत होते. आपल्या घामांत व मिठांत असणाराच हा सोडियम. कारखान्यांत सोंवळें आलें आणि हा रोग आटोक्यांत आला.

दुसरा रोग बाहेरून आलेला नव्हता. तो आकुंचनाच्या हव्यासांतूनच जन्मला. आकार लहान करावयाचा तर विजेचा दाबहि त्याच प्रमाणांत उतरवावा, असें आय. बी. एम.च्या डेनार्ड प्रभृतींनीं १९७४ त सांगून ठेविलें होतें. कारखानदारांनीं आकार घटविला, परंतु पांच व्होल्टांचा जुना दाब त्यांस लवकर सोडवेना. परिणामीं अरुंद वाटेंतून धांवणारे इलेक्ट्रॉन बेफाम झाले. कांहीं सिलिकॉन व ऑक्साइड यांच्या सांध्यावरील बंध तोडीत, कांहीं पापुद्र्यांतच अडकून राहत. प्रवाह क्षीण होत जाई. बर्कले येथील चेनमिंग हू व त्यांचे सहकारी यांचा १९८५ चा निबंध या प्रकरणीं आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. इलेक्ट्रॉन किती तापले तें थेट मोजतां येत नाहीं. पण ते अणूंवर आदळले म्हणजे खालच्या सिलिकॉनकडे एक बारीकसा प्रवाह झिरपतो. हा प्रवाह मोजा, म्हणजे झिजेचा वेग कळेल, असा त्यांचा सिद्धांत. वैद्यानें नाडी पाहावी तशांतलाच हा प्रकार. दाब वाढवून थोड्या अवधींत ट्रान्झिस्टर म्हातारा करावयाचा, आणि नेहमींच्या दाबास तो दहा वर्षें टिकेल कीं नाहीं तें गणितानें काढावयाचें, या रीतीस त्यामुळें भक्कम पाया मिळाला. एका ताम्रपटावरून अख्खा राजवंश उभा करणाऱ्या आम्हां इतिहासाच्या अभ्यासकांनीं तिला नांवें ठेवूं नयेत!

तिसऱ्या विकाराची कथा अधिक चमत्कारिक आहे. ऋण दाबानें होणाऱ्या झिजेचें सूत्र स्वीडनमधील येप्सन व स्वेन्सन यांनीं १९७७ तच मांडलें होतें: सांध्यावरील बंधांतून हायड्रोजन सुटून दूर पसरतो, आणि त्या पसरण्याच्या गतीनें झीज वाढते. पुढें पापुद्रा दोन नॅनोमीटरांच्या आसपास आला, तेव्हां तो जुना निबंध पुन्हां बाहेर काढावा लागला. अडचण अशी कीं, दाब काढतांच ही झीज अंशतः भरून येते. मोजणारा हात पुढें करीपर्यंत रोगी बरा दिसूं लागतो. जुनीं मापें त्यामुळें फसवीं ठरलीं, व मायक्रोसेकंदांत मोजण्याच्या युक्त्या शोधाव्या लागल्या. आमच्या मुंबईच्या आय. आय. टी.मधील सौविक महापात्र यांनीं हायड्रोजनाच्या सूत्राचा पुरस्कार करून त्यांत अडकलेल्या विद्युद्भाराची भर घातली. व्हिएन्नाचे टिबोर ग्रासर यांनीं मात्र पापुद्र्यांतील दोषस्थळें विद्युद्भार पकडतात व सोडतात, हेंच मुख्य मानलें. हा वाद केवळ शब्दांचा नव्हे. प्रयोगाच्या कांहीं तासांपुरतीं दोन्ही सूत्रें जुळतील. दहा वर्षांच्या टोकाशीं त्यांचीं उत्तरें वेगळीं पडूं शकतात, आणि हृदयाच्या ठोक्यांस ताल देणाऱ्या यंत्रापर्यंत हे ट्रान्झिस्टर आतां पोंचले आहेत.