वंगण

आमच्याकडं बैलगाडीच्या खाली वंगणाचं नळकांडं लोंबायचं. त्यात एरंडेल, काजळी आणि एक चिंधी. गाडी कुरकुरली की गाडीवान उतरायचा आणि कण्याला हात फिरवायचा. पुढं साखळीचा डोजर आला तेव्हा ह्या कामाला ग्रीसिंग म्हणायला लागले, एवढाच फरक.

हे यंत्र मूळ कॅलिफोर्नियातलं. स्टॉकटनजवळच्या भुसभुशीत रानात बेंजामिन होल्टचे वाफेचे ट्रॅक्टर रुतायचे. चाकं रुंद केली तरी रुतायचे. १९०४ साली त्यानं मागची चाकं काढून फळ्यांच्या साखळ्या बसवल्या. १९२५ मध्ये होल्ट आणि बेस्ट एक झाले आणि कॅटरपिलर कंपनी झाली. महायुद्ध संपल्यावर अमेरिकी फौजेनं मागं ठेवलेली यंत्रं आपल्या सरकारनं कांस गवतानं पडीक पडलेल्या मध्य भारतातल्या जमिनी फोडायला लावली. १९४९ साली जागतिक बँकेनं त्याच कामाला एक कोटी डॉलर कर्ज दिलं. १९६४ ला बीईएमएल निघाली आणि डोजर देशातच व्हायला लागले. आमच्याकडं बांधबंदिस्ती आणि सपाटीला यायचे ते बहुतेक जुनेच, चार हात फिरलेले.

अशा जुन्या डोजरवर मी दोन उन्हाळे किन्नर होतो. दिवस उगवायच्या आत ग्रीस गन घेऊन साखळीखाली शिरायचं. एका बाजूला पाच-सहा खालचे रोलर, वरचे वेगळे, पुढं आयडलर. आधी निपल फडक्यानं पुसायचं, नाहीतर माती आत जाते. मग गन दाबत राहायचं, जुनं काळं खरबरीत ग्रीस कडेनं बाहेर पडून स्वच्छ दिसेस्तोवर. यंत्राचं सगळं वजन ह्या रोलरवर असतं आणि ते कायम धुळीत फिरतात. नवीन यंत्रांचे रोलर सीलबंद येतात, त्यांना हे लागत नाही. तळच्या फायनल ड्राइव्हला नव्वद नंबरचं जाड तेल, ते लेव्हल बघून.

साखळीच्या पिनांना मात्र तेल लावायचं नाही. गावातला माणूस हटकून म्हणायचा, "आवाज करतीय, टाक की थोडं." पण कोरड्या पिनांच्या साखळीवर तेल पडलं की वाळू चिकटते, आणि ती वाळू कानशीसारखी पिन खाते. तिनं कुरकुरलेलंच बरं. स्टिअरिंगच्या कोरड्या क्लचचंही तसंच. तिथं तेल गेलं की यंत्र वळायचं नाही.

आमच्या शेजारच्या शिवारात एका ठेकेदाराचा डोजर होता. किन्नर पगार मिळेना म्हणून निघून गेला, ग्रीस राहिलं. मिरगाच्या तोंडावर दोन रोलर जाम झाले. सामान यायला वीस दिवस गेले. तोवर निम्मं रान उकरलेलं, बांध अर्धा घातलेला, आणि पहिल्याच वळवासारख्या दणक्यात वरची काळी माती ओढ्याला गेली. त्या शेतकऱ्यानं सोसायटीचं कर्ज काढलं होतं. हप्ते त्याला भरावेच लागले. त्या तुकड्यात पुढची कितीतरी सालं नुसती मटकी यायची.

त्यातला एक रोलर कुणीतरी ओढ्याच्या काठावर टाकला. एका बाजूनं घासून चपटा झालेला. बायका आता त्यावर धुणं आपटतात.