शस्त्रं, दारू आणि ओल



गेल्या काही महिन्यांत अमेरिकेतल्या दोन-तीन श्रोत्यांनी एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारलाय. तिकडे घरात बंदूक ठेवणारे बरेच जण ‘गन सेफ’ घेतात, म्हणजे जाड पोलादी पत्र्याची, माणसाच्या उंचीची तिजोरी. ती बहुतेकदा तळघरात नाहीतर गॅरेजमध्ये असते. बंदूक चोराच्या हाती लागत नाही, पोरांच्या हाती लागत नाही. सगळं ठीक. पण वर्षभराने दार उघडावं तर नळीवर तांबूस ठिपके! कुलूपबंद पेटीत गंज शिरला कुठून?

प्रश्न घरगुती आहे, पण त्याला मोठा इतिहास आहे. आज तोच सांगतो.

आधी थोडं शास्त्र. जुनी बंदुकीची दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक यांचं मिश्रण. शंभर भागांत साधारण 75 भाग सोरा, 15 भाग कोळसा आणि 10 भाग गंधक. यातला कोळसा सच्छिद्र, तो ओल धरतो. सोरा शुद्ध असेल तर फारसं पाणी ओढत नाही, पण त्यात मीठ किंवा दुसरे क्षार राहून गेले असतील तर दारू सर्द व्हायला वेळ लागत नाही. लोखंडाचं दुखणं वेगळं. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण 60 टक्क्यांच्या वर गेली की गंजण्याचा वेग एकदम वाढतो. त्यासाठी पाण्याचा थेंब पडावा लागत नाही, नुसती दमट हवा पुरते.

ही ओल किती महाग पडू शकते? 23 जून 1757, प्लासी. दुपारच्या सुमारास पावसाची जोरदार सर आली. इंग्रजांनी आपली दारू ताडपत्रीखाली झाकली. सिराजउद्दौलाच्या तोफखान्याची दारू बऱ्याच प्रमाणात भिजली. आपल्यासारख्याच इंग्रजांच्याही तोफा गप्प झाल्या असतील, असा अंदाज बांधून मीर मदन घोडदळ घेऊन पुढे गेला. समोरून तोफा धडाडल्या आणि तो मारला गेला. प्लासीचा निकाल एकट्या पावसाने लावला असं कुणी म्हणणार नाही, मीर जाफरची फितुरी होतीच. पण सिराजचा भरवशाचा सेनापती गेला तो या सरीनंतर, आणि त्याच्यानंतर नवाबाचा धीर सुटला. ताडपत्रीची गोष्ट म्हणून तर लक्षात राहते.

आता त्याच्याही आधी, आपल्याकडे या. सह्याद्रीत पावसाळ्याचे चार महिने गड ढगात बुडालेला असतो. भिंतींना ओल, कपड्यांना वास, मिठाला पाणी. अशा जागी दारू आणि शस्त्रं टिकवायची कशी? याचं उत्तर रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात मिळतं. साधारण 1715 च्या सुमाराचा हा ग्रंथ आपण राजनीतीसाठी वाचतो. पण त्यातलं दुर्गांचं प्रकरण सावकाश वाचा, त्यात भांडार सांभाळणाऱ्या माणसाची बारीक नजर दिसते.

माझ्या शब्दांत सांगतो. दारूखाना राहत्या घरांपासून दूर असावा. भोवती निर्गुडीसारख्या झाडांचं दाट कुंपण असावं. जमीन फरसबंद करावी, खाली तळघर करावं आणि ते पक्कं गच्च करावं. दारूची मडकी जमिनीवर टेकवायची नाहीत, माच घालून त्यावर ठेवायची. आणि मग येतं ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. दर आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः यायचं, दारू, बाण, होके बाहेर काढायचे, त्यांना ऊन द्यायचं, आणि परत आत ठेवून मोहोर करायची.

बघा, मोहोर आहे. म्हणजे बंदोबस्त कडक आहे. पण ती मोहोर दर पंधरवड्याला तोडायची आहे, हेही त्याच नियमात आहे. ज्याने हे लिहिलं त्याला माहीत होतं की कुलूप चोराला अडवतं, ओलीला अडवत नाही. आणि हे काम कुणी करायचं तेही ठरलेलं. ‘कुणीतरी बघेल’ असं नाही, हवालदाराने बघायचं.

तोफांसाठीही तजवीज आहे. पावसाळ्यापूर्वी तेल-मेण द्यायचं, बत्ती द्यायचा जो काना असतो तो मेणाने बुजवायचा, वर झाप घालायची. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन रायफली पाठवताना त्यांवर कॉस्मोलिन नावाचं पेट्रोलियमपासून केलेलं घट्ट, मेणासारखं ग्रीस थापत. पदार्थ बदलला, युक्ती तीच: धातू आणि हवा यांच्यात काहीतरी चोपडून ठेवायचं.

विसाव्या शतकात खरी नवी गोष्ट आली ती हवेतली ओल शोषण्याची. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ वॉल्टर पॅट्रिक यांना 1919 मध्ये सिलिका जेलचं पेटंट मिळालं. नवीन बुटांच्या खोक्यात ‘खाऊ नका’ लिहिलेली पुडी असते ना, तेच हे. आतून इतकं सच्छिद्र की दमट हवेत स्वतःच्या वजनाच्या साधारण एक तृतीयांश पाणी धरून ठेवतं. दुसऱ्या महायुद्धात लष्करी सामानाच्या पेट्यांत ते सर्रास घालू लागले.

युद्ध संपल्यावर अमेरिकन नौदलापुढे प्रश्न उभा राहिला: शेकडो जहाजं राखीव ठेवायची आहेत, ती समुद्राच्या हवेत गंजू द्यायची नाहीत. त्यांनी जहाजांच्या आतल्या जागा बंद केल्या आणि यंत्राने कोरडी केलेली हवा आत खेळती ठेवली. डेकवरच्या तोफांवर घुमटासारखी झाकणं बसवली. ‘न्यू जर्सी’ ही युद्धनौका जून 1948 मध्ये अशी निवृत्त झाली. 1950 मध्ये कोरियाचं युद्ध पेटलं आणि नोव्हेंबरमध्ये ती पुन्हा सेवेत होती. पण नांगरून ठेवलेल्या त्या ताफ्यावरही माणसं होती. आर्द्रतेचे काटे वाचणं, यंत्रं चालू ठेवणं हे त्यांचं रोजचं काम होतं.

आता घरातल्या तिजोरीकडे येऊ. अर्धा घनमीटर जागा धरा, 20 अंश तापमान, 70 टक्के आर्द्रता. त्या हवेत पाणी असतं जेमतेम सहा ग्रॅम, चमचाभर. मग गंज एवढा कसा? कारण दर वेळी दार उघडलं की नवी दमट हवा आत जाते. बंद दाराच्या फटींतूनही जाते. आतलं कापडी अस्तर, लाकूड, चामड्याचं म्यान हे सगळं ओल साठवतं. म्हणून बंदूक चामड्याच्या म्यानात घालून ठेवू नये, असं जाणकार सांगतात. काँक्रीटची फरशी खालून ओल वर आणते. तेव्हा तिजोरी फळ्यांवर उचलून ठेवा. हा आपला माचच झाला की!

काही लोक आत विजेवर चालणारी उबदार कांडी लावतात. ती पाणी काढून टाकत नाही, हवा थोडी तापवते. वरच्याच उदाहरणात 20 चे 25 अंश झाले, तर 70 टक्के आर्द्रता साधारण 52 वर येते. चमचाभर पाणी तिथेच आहे, पण गंजाची मर्यादा ओलांडत नाही. मात्र हवा फार कोरडीही नको, लाकडी दस्ता आक्रसतो आणि तडकतो. काटा 50 च्या आसपास असलेला बरा.

सिलिका जेल वापरत असाल तर ते भरून जातं हे लक्षात ठेवा. तृप्त झालेली पुडी म्हणजे नुसती वाळू. साधारण 120 अंशांवर काही तास तापवली की ती पुन्हा कामाला लागते. म्हणजे फिरून तेच: बाहेर काढा, ऊब द्या, परत ठेवा. आज्ञापत्रातलं ऊन ओव्हनमध्ये गेलं, एवढाच फरक.

आपल्याकडे खंडेनवमीला घरातली तलवार, कट्यार खाली उतरते. पावसाळा सरत आलेला असतो, पाती पुसली जातात, तेलाचा हात फिरतो. प्रथेचं मूळ काय असेल ते असो, वेळ मात्र अचूक आहे. पण वर्षातून एकदा पुरत नाही. कित्येक घरांत आजोबांची तलवार म्यानातच चिकटून बसली आहे, ती काही शत्रूमुळे नाही.

तर प्रश्न विचारणाऱ्या मंडळींना माझं सांगणं एवढंच: तिजोरी चांगली घेतलीत, आता घरातला हवालदार कोण ते ठरवा. आठ-पंधरा दिवसांनी दार उघडणारा, काटा बघणारा, नळीवर तेलाचं फडकं फिरवणारा, आणि कुलूप नीट लावणारा.

आज इथेच थांबतो. भेटू पुढच्या भागात.