तारांची संख्या व स्वरमेळ : गिरगावातील संगीतशिक्षणाच्या संदर्भात तंबोरा

पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी लाहोर येथे १९०१ मध्ये स्थापन केलेल्या गांधर्व महाविद्यालयाचे कार्य १९०८ मध्ये मुंबईत सुरू झाले. त्यांचे शिष्य प्रा. बी. आर. देवधर यांनी १९२५ मध्ये गिरगावात 'स्कूल ऑफ इंडियन म्युझिक' काढले. गुरुगृहीचे शिक्षण अशा रीतीने वर्गात आले आणि तंबोऱ्याच्या निवडीस वेगळे महत्त्व प्राप्त झाले.

चार तारांच्या तंबोऱ्यात पहिली तार पंचमाची, जोडाच्या दोन षड्जाच्या व शेवटची पितळी तार खर्जाची असते. मालकंसात पंचम वर्ज्य असल्याने पहिली तार मध्यमात मिळवितात. पाचवी तार घेतल्यास पंचमासोबत निषादही ठेवता येतो. फेंडर कंपनीने १९५१ मध्ये आणलेल्या विद्युत बेस गिटारलाही चारच तारा होत्या. तिच्यात पुढे रूढ झालेली पाचवी तार मुख्यतः अधिक खालच्या स्वरांसाठी आहे. तंबोऱ्यातील वाढीव तार मात्र रागाच्या स्वरसंबंधांसाठी असते.

काळी एकसाठी जाड तारा चढविलेला तंबोरा काळी चारपर्यंत ताणल्यास तार तुटण्याची भीती असते. उलट, सर्व विद्यार्थ्यांना एकाच पट्टीत गावयास लावल्यास कोणाचा तरी गळा ताणला जातो. म्हणून सामूहिक संगीतशिक्षणाचा इतिहास अभ्यासताना अभ्यासक्रमाइतकेच वर्गातील तंबोऱ्यांच्या पट्ट्यांकडेही लक्ष देणे आवश्यक ठरते.